अफगाणिस्तानला मिळालेली परकीय मदत आणि तिथला विकास : मुंबईत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादर, परळ, पार्ल्याच्या वाचनालयांत आणि महाविद्यालयांत या विषयावर बोलताना जे प्रश्न हटकून येतात, ते इथे एकत्र केले आहेत. माहिती २०२५ च्या अखेरीपर्यंतची आहे. जिथे मत आहे तिथे ते माझं आहे, आणि तसं सांगितलं आहे.

मुंबईत बसून अफगाणिस्तानच्या विकासाचा विचार कशाला करायचा?

आपल्या फोडणीतला हिंग तिथून येतो, हे पहिलं कारण. २०२० मध्ये हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात हिंगाची लागवड सुरू झाली खरी, पण बाजारातला कच्चा हिंग अजूनही मुख्यतः अफगाणिस्तान, इराण आणि उझबेकिस्तानातून येतो. वाशीच्या मसाला मार्केटमध्ये किंवा मशीद बंदरला सुक्या मेव्याच्या गाळ्यावर विचारून बघा. अंजिराच्या माळा, जर्दाळू, काळे मनुके कुठले, तर काबूल, कंदाहार, हेरात ही नावं ऐकायला मिळतात. तिकडची सीमा बंद झाली की इथला भाव हलतो.

कुलाब्याला नेव्ही नगरकडे जाताना अफगाण चर्च लागतं. १८३८ ते १८४२ च्या पहिल्या इंग्रज-अफगाण युद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ ते बांधलेलं आहे. म्हणजे या शहराचे तिकडचे संबंध जुने आहेत, आणि सगळेच अभिमान वाटावा असे नाहीत. २००१ मध्ये अमेरिकेने तिथली तालिबानची राजवट पाडली, त्यानंतर त्यात आणखी एक धागा आला. भारताने तिथे तीन अब्ज डॉलरहून अधिक मदत केली, आणि तो पैसा आपल्या करातून गेला. त्यातून काय उभं राहिलं, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

मदत म्हणजे रोख पैसे देतात का?

फार कमी वेळा. काही मदत कर्ज म्हणून येते, काही अनुदान म्हणून. मुंबईकरांना कर्जाची ओळख आहेच. कुलाबा ते सीप्झची मेट्रो ३ आणि शिवडी-न्हावा शेवाचा अटल सेतू या दोन्हींसाठी जपानच्या 'जायका' या संस्थेकडून कमी व्याजाचं कर्ज घेतलेलं आहे. ते फेडायचं आहे. पण निविदा आपल्या संस्थांनी काढल्या, काम त्यांच्या देखरेखीखाली झालं आणि उद्या डागडुजीही त्यांनाच करायची आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा पुन्हा येणार आहे.

अफगाणिस्तानकडे कर्ज फेडण्याची ऐपत नव्हती, म्हणून तिथे बहुतेक मदत अनुदान म्हणून गेली. याशिवाय गहू, औषधं, बसगाड्या अशा वस्तू जातात, तज्ज्ञ आणि शिक्षक जातात, शिष्यवृत्त्या दिल्या जातात. सैन्य आणि पोलिसांच्या पगारावर, बंदुकांवर, वाहनांवर झालेला खर्चही बऱ्याचदा 'पुनर्बांधणी'च्या खात्यात मोजला जातो. वर्तमानपत्रातला मोठा आकडा वाचताना ही गफलत हमखास होते.

अमेरिकेने एकूण किती पैसा दिला?

अफगाणिस्तानातल्या खर्चावर नजर ठेवायला अमेरिकेने २००८ मध्ये 'सिगार' नावाची खास तपास यंत्रणा नेमली होती. तिच्या ऑगस्ट २०२१ च्या अहवालानुसार पुनर्बांधणीवर सुमारे १४५ अब्ज डॉलर खर्च झाले. त्यातला निम्म्याहून बराच जास्त भाग सैन्य-पोलीस दलांवर गेला. प्रत्यक्ष लढाईवर अमेरिकी संरक्षण खात्याने केलेला खर्च यात धरलेला नाही. तो वेगळा, ८३७ अब्ज डॉलर. शाळा, दवाखाने, शेती यांच्या वाट्याला आलेला हिस्सा या सगळ्यात किती लहान होता, ते यावरून कळेल.

इतका पैसा येऊनही देश गरीब कसा राहिला?

हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी विचारला जातो, आणि त्याचं उत्तर एका वाक्यात देणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

सगळ्यात आधी, बराचसा पैसा अफगाणिस्तानात थांबलाच नाही. परदेशी कंपनीला ठेका मिळायचा, ती दुसऱ्या कंपनीला पोटठेका द्यायची, ती तिसरीला. प्रत्येक टप्प्यावर व्यवस्थापनाचा खर्च, परदेशी सल्लागारांचे पगार, त्यांची घरं, त्यांचे सुरक्षारक्षक. शेवटी माती उकरणाऱ्या माणसापर्यंत पोचायचं ते उरलंसुरलं. सामान परदेशी, इंजिनीअर परदेशी, नफाही परदेशात. आकडा मात्र अफगाणिस्तानच्या नावावर जमा.

मग घाई. देणाऱ्या देशांना त्यांच्या निवडणुकांच्या आधी निकाल दाखवायचा होता. अधिकारी वर्षा-दोन वर्षांनी बदलायचे, आणि वर्षाअखेर पैसा खर्च झाला का, यावर त्यांचं काम जोखलं जायचं. वीस वर्षं सरकार नीट चाललेलं नाही, हिशेबनीस नाहीत, तालुक्याला कचेरी नाही, अशा देशात एका वर्षात इतका पैसा ओतला की त्याचं होतं ते उन्हाने कडक झालेल्या जमिनीवर मुसळधार पाऊस पडल्यावर होतं तेच. पाणी मुरत नाही, उलट होती ती माती घेऊन जातं. पैशाच्या या पुराने आधीचा लहानसहान भ्रष्टाचार देशव्यापी केला.

२०१० मध्ये काबूल बँक बुडाली, ते याचं सगळ्यात मोठं उदाहरण. शिक्षक आणि पोलिसांचे पगार याच बँकेतून व्हायचे. बँकेने आपल्याच भागधारकांना आणि त्यांच्या माणसांना खोट्या नावांनी कर्जं वाटली. सुमारे नव्वद कोटी डॉलरचा खड्डा पडला. भागधारकांत राष्ट्राध्यक्षांचे भाऊ होते, उपराष्ट्राध्यक्षांचेही होते. आपल्याकडे सहकारी बँक बुडाल्यावर ठेवीदारांचं काय होतं हे ज्यांनी मुंबईत पाहिलंय, त्यांना तिथल्या शिक्षकाचे हाल वेगळे सांगायला नकोत.

शिवाय देशाला न पेलणाऱ्या वस्तू दिल्या गेल्या. अफगाण हवाई दलासाठी इटालियन बनावटीची वीस जुनी मालवाहू विमानं घेतली. त्या कार्यक्रमावर ५४.९ कोटी डॉलर लागले. सुटे भाग मिळेनात, दुरुस्ती जमेना. त्यातली सोळा विमानं काबूल विमानतळावर तोडून भंगारात काढली, तेव्हा सुमारे ३२ हजार डॉलर हातात आले. दक्षिणेतल्या हेलमंद प्रांतातल्या कजाकी धरणाच्या टर्बाइनची गोष्ट तशीच. २००८ मध्ये हजारो सैनिकांच्या बंदोबस्तात हे अजस्र यंत्र तालिबानच्या मुलखातून धरणापर्यंत पोचवलं. ते बसवायला लागणारं सिमेंट आणि सामान मात्र त्याच रस्त्याने नेता येईना. यंत्र तिथेच पडून राहिलं आणि अखेर २०१६ मध्ये बसलं.

या सगळ्याच्या शेवटी २०२० साली चित्र असं होतं की बाहेरून येणारी अनुदानं देशाच्या एकूण उत्पन्नाच्या चाळीस टक्क्यांहून जास्त होती, आणि सरकारी खर्चाचा तीन चतुर्थांश भाग परदेशी पैशावर चालत होता. ज्या सरकारचा पैसा आपल्या लोकांकडून येत नाही, त्याचे कान आपल्या लोकांकडे लागलेले नसतात. काबूलचे मंत्री हेलमंदच्या शेतकऱ्यापेक्षा वॉशिंग्टनच्या बैठकीला जास्त महत्त्व देत होते, आणि हेलमंदचा शेतकरी ते बघत होता.

ही पद्धत २००१ नंतरच सुरू झाली का?

नाही. १९४६ पासून अमेरिकी कंपनीने हेलमंद खोऱ्यात धरणं आणि कालवे बांधायला घेतले. कजाकी धरण त्यातलंच. सोव्हिएत संघाने १९६४ मध्ये हिंदुकुशातून सालंग बोगदा काढून दिला. दोन महासत्तांची चढाओढ होती आणि त्यात अफगाणिस्तानला रस्ते मिळाले. हेलमंदमध्ये पाण्याचा निचरा नीट झाला नाही आणि जमिनी खारावल्या. आपल्या सांगली-कोल्हापूरकडच्या ऊसपट्ट्यातल्या वाचकांना हे दुखणं चांगलं ठाऊक आहे. पुढे त्याच कालव्यांच्या पाण्यावर अफू पिकली. सालंग बोगदा मात्र आजही उत्तर आणि दक्षिण अफगाणिस्तानला जोडतो.

म्हणजे सगळा पैसा वायाच गेला ना?

असं म्हणणं सोपं आहे, आणि ते खोटं आहे. २००१ मध्ये शाळेत जाणारी मुलं दहा लाखांच्या आसपास होती, मुली जवळजवळ नव्हत्याच. वीस वर्षांत सरकारी नोंदींनुसार ती संख्या ऐंशी लाखांवर गेली. त्या नोंदी फुगवलेल्या होत्या हे मान्य केलं तरी लाखो मुली शिकल्या, डॉक्टर झाल्या, वकील झाल्या. बालमृत्यू कमी झाले. सरासरी आयुर्मान काही वर्षांनी वाढलं.

आरोग्यात यश का आलं, ते बघण्यासारखं आहे. सरकारने ठरावीक मूलभूत सेवांची यादी केली: लसीकरण, बाळंतपण, क्षय, कुपोषण. ती राबवण्याचं काम जिल्ह्याजिल्ह्यात स्वयंसेवी संस्थांना करारावर दिलं. अनेक देणगीदार देशांचा पैसा एकत्र येऊन जागतिक बँकेच्या देखरेखीखालच्या निधीतून जायचा. खर्च माफक होता, कामं साधी होती आणि ती करणारी माणसं बहुतेक तिथलीच होती. दवाखान्याची नर्स शेजारच्या गावची असली की तालिबानच्या भागातही दवाखाना चालू राहायचा.

गावाच्याच हातात पैसा दिला असता तर?

दिला होता. २००३ मध्ये 'राष्ट्रीय एकता कार्यक्रम' सुरू झाला. गावाने गुप्त मतदानाने विकास परिषद निवडायची, तिच्यात बायकांना जागा द्यायची, आणि विहीर, पाट, लहान जलविद्युत, रस्ता यांतलं काय हवं ते परिषदेने ठरवायचं. कुटुंबामागे सुमारे २०० डॉलर, गावाला जास्तीत जास्त ६० हजार डॉलर. गाव स्वतः काम करायचं, हिशेब फळ्यावर लावायचं. तीस हजारांहून अधिक वस्त्यांपर्यंत हे पोचलं.

आपल्याकडे ग्रामसभेत ज्यांनी काम केलंय त्यांना यातलं बळ आणि अडचणी दोन्ही लगेच दिसतील. पाचशे गावांत याचा पद्धतशीर अभ्यास झाला. निम्म्या गावांना आधी पैसा, निम्म्यांना नंतर, अशी तुलना. पिण्याचं पाणी आणि वीज यांत खरोखर सुधारणा दिसली. बायकांचा सार्वजनिक कामातला वावर वाढला. सरकारबद्दल आपुलकीही वाढली, पण काम संपल्यावर ती बरीचशी ओसरली. पाकिस्तान सीमेलगतच्या भागात हिंसाचार काही कमी झाला नाही. म्हणजे विहिरीने तहान भागते. बाहेरून शस्त्रं घेऊन येणाऱ्याला ती थांबवत नाही, आणि तिच्याकडून ती अपेक्षा ठेवणं हाच चुकीचा हिशेब होता.

माझ्या मते सगळ्या वीस वर्षांतला हा सगळ्यात चांगला कार्यक्रम. एकूण खर्चाच्या मानाने त्याला मिळालेला पैसा चिमूटभर होता, याची खंत वाटते.

भारताने तिथे नेमकं काय केलं?

मोठ्या कामांपैकी चार सांगतो.

झरंज ते देलाराम हा २१८ किलोमीटरचा रस्ता आपल्या सीमा सडक संघटनेने बांधला. २००९ च्या सुरुवातीला तो अफगाण सरकारला सोपवला. पुल-ए-खुमरीहून काबूलपर्यंत वीजवाहिनी 'पॉवर ग्रिड' या सरकारी कंपनीने हिंदुकुश ओलांडून नेली, आणि उझबेकिस्तानची वीज राजधानीत आली. हेरात प्रांतात हरी रुद नदीवरचं सलमा धरण १९७० च्या दशकात सुरू होऊन युद्धामुळे अडकलं होतं. ते वाप्कोस या आपल्या सरकारी कंपनीने पूर्ण केलं. ४ जून २०१६ ला उद्घाटन झालं. ४२ मेगावॉट वीज आणि ७५ हजार हेक्टरला पाणी, अशी त्याची क्षमता. काबूलची संसदेची इमारत डिसेंबर २०१५ मध्ये झाली.

याखेरीज चौतीसही प्रांतांत चारशेहून अधिक लहान कामं झाली: शाळेच्या खोल्या, दवाखाने, बोअरवेल, बंधारे. काबूलचं इंदिरा गांधी बालआरोग्य संस्थान भारताने पुन्हा उभं केलं. पाय गमावलेल्यांसाठी जयपूर फूटची शिबिरं झाली. सुरुंगांनी भरलेल्या देशात कृत्रिम पायाचं मोल काय, ते वेगळं सांगायला हवं का?

याची किंमतही मोजावी लागली. नोव्हेंबर २००५ मध्ये झरंज रस्त्यावरच्या आपल्या एका चालकाचं अपहरण करून तालिबानने त्याला ठार मारलं. ७ जुलै २००८ ला काबूलमधल्या भारतीय दूतावासावर आत्मघाती हल्ला झाला. रस्त्यावर आणि धरणावर राबणारे, पहारा देणारे अफगाणही मारले गेले, आणि त्यांची आठवण आपल्याकडे फारशी कोणी काढत नाही.

झरंजचा रस्ता आता तालिबानच्या ताब्यात आहे. मग काय उपयोग झाला?

६ ऑगस्ट २०२१ ला तालिबानने जिंकलेली पहिली प्रांतीय राजधानी झरंज. त्या दिवशी इथल्या अनेकांना वाटलं की सगळं पाण्यात गेलं. मला तसं वाटत नाही. रस्ता कुणाच्या सहीने बांधला हे ट्रक विचारत नाही. झरंज इराणच्या सीमेवर आहे, देलाराम कंदाहार-हेरात महामार्गावर. या रस्त्याने अफगाण व्यापाऱ्याला समुद्र गाठायला पाकिस्तानवाचूनची आणखी एक वाट मिळाली. अंजिराच्या शेतकऱ्याला आजही त्याचा उपयोग आहे.

संसदेच्या इमारतीबद्दल मात्र मी असं म्हणू शकत नाही. इमारत देखणी आहे, पण तिच्यात बसायला निवडून आलेलं कोणी नाही.

चाबहार बंदराचा मुंबईशी काय संबंध?

थेट. पाकिस्तान भारताचा माल जमिनीवरून अफगाणिस्तानात जाऊ देत नाही. अफगाण माल पंजाबातल्या अटारी सीमेपर्यंत येऊ द्यायचा, आपला जाऊ द्यायचा नाही, अशी वर्षानुवर्षांची रीत. म्हणून इराणच्या चाबहार बंदरातून वाट काढली. ऑक्टोबर २०१७ मध्ये कांडल्याहून गव्हाचं पहिलं जहाज तिकडे गेलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये उलटा माल निघाला: २३ ट्रक, ५७ टन सुका मेवा, कापड, गालिचे आणि खनिजं झरंजहून चाबहारला, आणि तिथून जहाजाने मुंबईला. ज्या रस्त्यासाठी माणसं मेली, त्या रस्त्याने माल आपल्या बंदराकडे निघाला. दहा वर्षांनी का होईना, मदतीचं व्यापारात रूपांतर झालं. विकास म्हणतात तो मला या एका खेपेत सगळ्यात स्पष्ट दिसतो.

२०११ पासून भारताने अफगाण मालावरची आयातजकात, दारू-तंबाखू सोडल्यास, काढून टाकली होती. २०१७ मध्ये काबूल-दिल्ली हवाई मालवाहतूक सुरू झाली, पाठोपाठ काबूल-मुंबई. जकात काढण्याला फीत कापण्याचा कार्यक्रम नसतो, म्हणून तिची बातमी होत नाही. शेतकऱ्याच्या खिशात मात्र ती एखाद्या धरणाइतकी पोचते.

ही वाट नाजूक आहे. मे २०२४ मध्ये भारताने चाबहारसाठी दहा वर्षांचा करार केला. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने इराणवरच्या निर्बंधांतली चाबहारची सूट काढून घेतली, ऑक्टोबरमध्ये सहा महिन्यांसाठी पुन्हा दिली. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये अटारी बंद झाली. वाटेत अडकलेल्या अफगाण ट्रकांपैकी १६० ट्रकांना मे महिन्यात खास परवानगीने आत घेतलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये पाकिस्तान-अफगाण चकमकींनंतर तोरखम आणि चमनच्या सीमा बंद झाल्या. नाशवंत माल घेऊन सीमेवर उभा असलेला ट्रकवाला कुठल्याच देशाच्या परराष्ट्र धोरणात नसतो.

अफूचं काय झालं?

अफूविरोधी मोहिमांवर अमेरिकेने सुमारे नऊ अब्ज डॉलर घातले आणि लागवड वाढतच गेली. तालिबानने एप्रिल २०२२ मध्ये बंदी घातली, आणि २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीत लागवड ९५ टक्के घटलेली दिसली. हे ऐकून सभेत काही जण टाळ्या वाजवतात. पण अफूच्या जागी गहू लावला तर तेवढ्याच जमिनीत पोट भरत नाही. अफू साठवता येते, तिच्यावर उधारी मिळते, रस्ता नसला तरी पाठीवरून नेता येते. हिंग, केशर, अंजीर, बेदाणा यांत तेवढा पैसा आहे, पण त्यांना शीतगृह हवं, प्रतवारी हवी, उघडा रस्ता हवा. ते न करता घातलेल्या बंदीचा भार सगळा भूमिहीन मजुरावर पडतो.

ऑगस्ट २०२१ नंतर अर्थव्यवस्थेचं काय झालं?

१५ ऑगस्टला काबूल पडलं आणि मदतीचा नळ एका आठवड्यात बंद झाला. अफगाण मध्यवर्ती बँकेची सुमारे सात अब्ज डॉलरची गंगाजळी अमेरिकेत गोठवली गेली. पुढे त्यातला साडेतीन अब्जांचा भाग स्वित्झर्लंडमधल्या एका निधीत वेगळा ठेवला. बँकांतून पैसे काढता येईनात, शिक्षक-डॉक्टरांचे पगार थांबले, आणि वर्षभरात अर्थव्यवस्था सुमारे एक पंचमांशाने आकसली. घरातली भांडी-गालिचे रस्त्यावर विकायला बसलेली माणसं जगाने पाहिली.

दुष्काळ टळला तो संयुक्त राष्ट्रांमुळे. विमानाने रोख डॉलर काबूलला नेऊन त्यांतून धान्य, दवाखाने, पगार भागवले. बँकव्यवहार ठप्प असल्याने बरीचशी उलाढाल काबूलच्या सराय शहजादा बाजारातल्या हवाला दुकानांतून चालली. आपल्याकडे हवाला बेकायदा आहे आणि त्याचं नाव घेतलं की गुन्हेगारीच आठवते. तिथे मात्र अनेक मदतसंस्थांना परिचारिकांचे पगार पोचवायला तेवढाच मार्ग उरला होता.

तालिबान मुलींना शिकू देत नाही. मग एक रुपया तरी का द्यायचा?

हा प्रश्न रागातून येतो आणि तो राग योग्य आहे. सहावीनंतर मुलींची शाळा बंद. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठं बंद, त्याच महिन्यात स्वयंसेवी संस्थांत काम करायलाही बायकांना मनाई. सावित्रीबाई-जोतिबांच्या महाराष्ट्रात हे ऐकून कुणाला शांत राहता येईल?

तरीही मी म्हणतो, द्यायचं. कुणाच्या हातून, एवढंच जपायचं. तालिबानच्या तिजोरीत एक पैसा जाऊ नये. पण कंदाहारच्या कुपोषित बाळाने हे सरकार निवडलेलं नाही. मदत थांबवल्याने तालिबानने शाळा उघडल्या, असं या चार वर्षांत एकदाही घडलं नाही. भूक मात्र आधी बायका-मुलांच्या ताटातून सुरू झाली. २०२३ पासून भारताने ऑनलाइन पदवी अभ्यासक्रमांसाठी शिष्यवृत्त्या दिल्या आणि त्यांतून शेकडो अफगाण मुली-बायका घरात बसून भारतीय विद्यापीठांत शिकू लागल्या. अशा वाटा वाढवायला हव्यात. याउलट २५ ऑगस्ट २०२१ ला आपण आधी दिलेले व्हिसा सरसकट रद्द केले आणि सुट्टीत घरी गेलेले विद्यार्थी तिकडेच अडकले. ते चूक होतं असं माझं स्पष्ट मत आहे.

भारत आता तालिबानला मान्यता देतोय का?

औपचारिक मान्यता दिलेली नाही. जून २०२२ मध्ये काबूलला तांत्रिक पथक गेलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये तालिबानचे परराष्ट्रमंत्री दिल्लीला आले, तेव्हा त्या पथकाला पुन्हा दूतावासाचा दर्जा देण्याची घोषणा झाली, आणि वीस रुग्णवाहिका भेट दिल्या गेल्या. मुंबईच्या वाणिज्य दूतावासात नोव्हेंबर २०२४ पासून तालिबानने नेमलेले प्रतिनिधी आहेत, आणि तेही भारतात शिकलेले.

गहू आणि बिस्किटं पाठवून विकास होतो का?

विकास होत नाही, माणूस जगतो. भारताने २०२२ पासून पन्नास हजार टन गहू पाठवला, त्यातल्या बऱ्याचशा गव्हासाठी पाकिस्तानने अपवाद म्हणून रस्ता दिला. त्याआधी अनेक वर्षं शाळेतल्या मुलांना पौष्टिक बिस्किटं गेली. मूल शाळेत टिकायला त्यांचा उपयोग झाला.

१९७२ चा दुष्काळ आठवणारी माणसं लालबाग-परळच्या चाळींत अजून आहेत. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो यायची, कामावर सुकडी मिळायची. त्या मदतीने लोक तगले. पण महाराष्ट्राने तिथे न थांबता रोजगार हमी योजना उभी केली: काम मागेल त्याला काम, आणि त्या कामातून पाझर तलाव, बांध, रस्ते. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि पुढे तोच विचार देशभर गेला. काबूलमध्ये, हेरातमध्ये आज संयुक्त राष्ट्रांच्या संस्था कामाच्या बदल्यात धान्य किंवा रोख देऊन पाट आणि बंधारे दुरुस्त करतात, ते याच जातीचं काम आहे. महाराष्ट्राकडे यातला पन्नास वर्षांचा अनुभव आहे, त्यातल्या चुकांसकट. तो कुणी मागितलेला नाही आणि आपणही देऊ केलेला नाही.

आपल्याकडे खड्डे आणि कुपोषण असताना बाहेर पैसे का वाटायचे?

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अफगाणिस्तानसाठी १०० कोटी रुपये होते. दोन वर्षांपूर्वी २०० कोटी. भूतानला २,१५० कोटी. त्याच वर्षीचा मुंबई महापालिकेचा अर्थसंकल्प ७४ हजार ४२७ कोटींचा. अंधेरीचा खड्डा काबूलमुळे बुजायचा राहिलेला नाही. मोखाडा-जव्हारच्या कुपोषणाचा जाब जरूर विचारा, मीही विचारतो, पण तो जिथे द्यायचा आहे त्या दारात विचारा.

अमेरिकेने मदत बंद केल्यावर आता काय?

२०२५ मध्ये यूएसएड ही अमेरिकी सरकारची परकीय मदत देणारी संस्था गुंडाळली गेली. शेकडो आरोग्य केंद्रं बंद पडली. त्याच वर्षी इराण आणि पाकिस्तानातून वीस लाखांहून अधिक अफगाण परत पाठवले गेले. ३१ ऑगस्टला कुनार भागात भूकंप झाला, आणि जखमी बायकांपर्यंत पोचायला स्त्री डॉक्टर अपुऱ्या पडल्या. ही जागा कोणी एक देश भरून काढणार नाही.

मुंबईतून मी काय करू शकतो?

पैसे द्यायचे असतील तर युनिसेफ, जागतिक अन्न कार्यक्रम किंवा संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था अशा नोंदणीकृत मार्गानेच द्या. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या खात्यांवर पाठवू नका; हेतू चांगला असला तरी परदेशात पैसे पाठवण्याचे नियम कडक आहेत.

व्यापारी असाल तर अफगाण माल मूळ देशाच्या नावाने विका. पुष्कळ माल वाटेत दुसऱ्या देशाच्या पेटीत भरला जातो आणि नाव पुसलं जातं. महाविद्यालयात शिकवत असाल तर पुण्या-मुंबईत राहिलेल्या अफगाण विद्यार्थ्यांचे प्रवेश, शुल्क आणि कागदपत्रांचे प्रश्न प्राचार्यांपर्यंत न्या. व्हिसा संपत आलेला, घरून पैसे येत नाहीत आणि परत जाता येत नाही, अशा मुलाला वसतिगृहाची मुदत एक सत्र वाढवून देणं हे महाविद्यालयाच्या हातात असतं.